महाविद्यालयात धर्माचा आंतरविद्याशाखीय अभ्यास: नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी जेजुरीच्या खंडोबावर प्रकल्प करायचे ठरवले, तेव्हा हा विषय नेमका कोणत्या विभागाचा, हे कोणालाच सांगता येईना. समाजशास्त्राच्या सरांना तो इतिहासाचा वाटला, इतिहास विभागाने मला मराठीकडे पाठवले आणि मराठीच्या बाईंनी लोकसाहित्याची एक यादी हातात ठेवली. त्यात माझे एक सत्र गेले. आज मला कळते की ते तिघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि अडचण माझ्या विषयात नसून महाविद्यालयाच्या मांडणीत होती. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत ‘धर्म-अध्ययन’ नावाचा स्वतंत्र विभाग नसतो. त्यामुळे ज्याला हा अभ्यास करायचा आहे त्याला तो निरनिराळ्या विभागांतून स्वतः जुळवावा लागतो. तो कसा जुळवावा, हे पुढे क्रमाने लिहिले आहे. उदाहरण म्हणून जेजुरीच घेतली आहे, कारण ती मला जवळून ठाऊक आहे.

१. धर्मशिक्षण आणि धर्माचा अभ्यास यांतला फरक समजून घ्या

हा फरक सुरुवातीलाच स्पष्ट हवा, कारण घरचे, मित्र आणि कधीकधी प्राचार्यही तुम्हाला त्याबद्दल विचारतील. एखाद्या धर्माची शिकवण त्याच्या अनुयायांना देणे म्हणजे धर्मशिक्षण. लोक धर्म कसा जगतात, त्याचे ग्रंथ, विधी, संस्था, पैसा, कला आणि कायदा यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे पुराव्यांनिशी तपासणे म्हणजे धर्माचा अभ्यास. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा भेद मांडला होता. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. पण गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा विद्यापीठात अभ्यास करणे म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या डी.ए.व्ही. कॉलेज खटल्यात सांगितले, आणि २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांविषयी शिकवण्यास मोकळीक दिली. तुमचा विषय कोणी ‘हे कॉलेजात चालत नाही’ म्हणून अडवला तर ही दोन नावे नम्रपणे पुढे ठेवावीत. मला त्यांचा उपयोग झाला आहे.

तुम्ही श्रद्धावान आहात की नाही, हा प्रश्न या अभ्यासाच्या आड येत नाही. दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांनी उत्तम काम केलेले मी पाहिले आहे. दोघांनाही एकच शिस्त पाळावी लागते: जे पाहिले ते आधी नीट नोंदवायचे आणि त्याचे मोल ठरवण्याची घाई करायची नाही.

२. धर्म नव्हे, एक ठिकाण आणि एक प्रश्न निवडा

नवखे विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच फसतात. ‘महाराष्ट्रातील भक्तिपरंपरा’ किंवा ‘धर्म आणि समाज’ असा विषय घेतला की वर्षभर फक्त व्याख्या लिहून होतात. त्याऐवजी एक देऊळ, एक दर्गा, एक यात्रा, एक विधी किंवा एक गाणे घ्या आणि त्याला एक प्रश्न विचारा.

जेजुरीचेच पाहा. गडावर पाऊल ठेवताच ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ कानांवर पडते. या ‘येळकोट’चा संबंध अभ्यासक कन्नडमधल्या ‘एळु कोटी’, म्हणजे सात कोटी, या शब्दांशी जोडतात, आणि कर्नाटकातल्या मैलार देवाच्या यात्रेत तशीच आरोळी ऐकू येते. म्हणजे पहिल्या हाकेतच भाषाविज्ञान आले. खंडोबाच्या दोन मुख्य पत्नींपैकी म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक आणि बाणाई धनगराची. लोकगीतांत यांच्या जोडीला रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई बागवानीण येतात, आणि चंदाई मुसलमान मानली जाते. वेगवेगळ्या जातिसमूहांनी एका देवाशी सोयरीक कशी जोडली, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. गडाच्या दगडी बांधकामाला होळकरांचा आश्रय होता, तिथे इतिहास आला. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो आणि वैदू, बेलदार, वडार, कुंभार अशा अनेक समाजांची माणसे तिथे जमतात. देवाची यात्रा आणि जनावरांची खरेदी-विक्री एकाच तिथीला का आली, हे अर्थशास्त्राला विचारावे लागते. अशा यात्रांत पूर्वी जातपंचायतीही बसत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा वाचल्याशिवाय त्यांच्याविषयी आज जबाबदारीने लिहिता येत नाही. मुलगी देवाला वाहून तिला मुरळी करण्याची जुनी रीत आणि २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा यांचेही तसेच आहे.

इतके सगळे एका प्रकल्पात येत नाही, आणि आणूही नये. मी शेवटी एवढाच प्रश्न ठेवला: जागरणात, म्हणजे खंडोबासाठी रात्रभर चालणाऱ्या गाण्याच्या विधीत, त्याच्या दोन बायकांचे भांडण गायले जाते, ते ऐकणाऱ्या धनगर आणि वाणी कुटुंबांना आपापल्या समाजाविषयी काय सांगते? प्रश्न इतका लहान झाल्यावर कोणते विषय लागतील हे आपोआप ठरले: गाण्यांसाठी लोकसाहित्य, नातेसंबंधांसाठी मानवशास्त्र आणि पार्श्वभूमीसाठी थोडा इतिहास. ‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक विषयातले थोडेथोडे गोळा करणे असा घेतला की अभ्यासाचा चिवडा होतो. प्रश्नाला जी शाखा लागेल तिच्याकडे जावे आणि जिथे जावे तिथली पद्धत नीट शिकावी.

जेजुरी लांब पडत असेल तर आपल्या जवळचे शोधा. गोव्यातल्या विद्यार्थ्याला शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या बहिणी मानल्या जातात, हाच विषय पुरेसा आहे. तिथे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही दोन्हीकडे जातात. अलिबागच्या बाजूला बेने इस्रायली समाज आहे, ज्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठीतून कीर्तने रचली. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांची परंपरा आहे. नागपूरच्या विद्यार्थ्याच्या घराशेजारी १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण सांगणारी कुटुंबे राहतात, आणि त्या पिढीशी बोलण्याची वेळ निघून चालली आहे.

३. विषय जुळवा, आणि अर्ज भरण्याआधी रचना वाचा

माझ्या वेळी आजची श्रेयांकांची (क्रेडिटची) पद्धत नव्हती. गेली काही वर्षे मी धाकट्या विद्यार्थ्यांबरोबर अर्ज भरायला बसतो, त्यावरून हे सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणेची रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. तिच्यात एक मुख्य विषय, एक गौण विषय (मुले त्याला मायनरच म्हणतात), खुले वैकल्पिक, भारतीय ज्ञानप्रणालीचा एक अभ्यासक्रम आणि पुढे क्षेत्र-प्रकल्प असे भाग असतात.

या रचनेतला फसवा भाग म्हणजे खुले वैकल्पिक. राज्याच्या आराखड्यानुसार ते तुमच्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून, म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञान किंवा वाणिज्यासारख्या शाखेतून, घ्यावे लागते. म्हणजे समाजशास्त्र मुख्य असलेल्या विद्यार्थ्याने ‘तत्त्वज्ञान खुल्या वैकल्पिकातून घेईन’ असे मनात धरले असेल तर ऐन वेळी ते दार बंद असते. एका विद्यार्थिनीला तिच्या महाविद्यालयात हे प्रवेशानंतर दोन महिन्यांनी सांगितले गेले आणि तिचा सगळा आराखडा कोसळला. गौण विषय मात्र त्याच विद्याशाखेतला चालतो आणि त्याला १८ ते २० श्रेयांक असतात; म्हणून धर्माच्या अभ्यासाला लागणारा दुसरा पाय गौण विषयातच रोवावा. समाजशास्त्र मुख्य आणि इतिहास गौण, मराठी मुख्य आणि समाजशास्त्र गौण, तत्त्वज्ञान मुख्य आणि संस्कृत किंवा पाली गौण, या जोड्या चांगल्या चालतात. माझे मत विचाराल तर मुख्य विषय असा घ्यावा ज्याची पद्धत कडक आहे. ढिल्या पद्धतीवर आंतरविद्याशाखीय काम उभे राहत नाही.

क्षेत्र-प्रकल्प तुमच्या प्रश्नाला जोडून घ्या. एक श्रेयांक म्हणजे १५ तासांची व्याख्याने, आणि क्षेत्रकार्याला साधारण ३० तास धरतात. दोन श्रेयांकांत एक छोटी यात्रा नीट पाहून होते. चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्सची वाट उपलब्ध असेल तर ती अवश्य घ्या.

पदवीनंतर जायच्या जागांपैकी काही सांगतो. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययन, संस्कृत-प्राकृत, मानवशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे वेगवेगळे विभाग आहेत. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाविज्ञान आहे. मुंबईत सोमैया विद्याविहारात धर्म आणि संस्कृती यांच्या अभ्यासाची संस्था आहे. महाराष्ट्राबाहेर दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात तुलनात्मक धर्माचे केंद्र आहे, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा विभाग आहे आणि बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान व धर्म हा एकत्र विभाग आहे.

४. एक भाषा किंवा एक लिपी शिकायला लागा

जिचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे ती घ्या. खंडोबासाठी संस्कृतातले मल्हारी माहात्म्य उपयोगी आहे, पण मला त्याहून अधिक उपयोग कामापुरत्या कन्नडचा झाला. देवस्थानाच्या सनदा, इनामे, तंटे पाहायचे असतील तर मोडीला पर्याय नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरातली असंख्य कागदपत्रे मोडीत आहेत. मोडीची अक्षरे महिन्या-दोन महिन्यांत ओळखू येतात, वाचनाला वेग यायला मात्र वर्ष लागते. पहिल्या वर्षी सुरुवात केली तर तिसऱ्या वर्षी फळ मिळते.

५. आधीच्या लोकांनी वाट कशी काढली ते पाहा

ग्रंथांच्या याद्या तुम्हाला शिक्षक देतील. मी चार माणसांकडे लक्ष वेधतो, कारण चौघेही वेगवेगळ्या दारांनी आत आले. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. पुण्याच्या परिसरात पायी हिंडून त्यांनी माळावरच्या म्हसोबांची आणि आयांची (मातृदेवतांची) ठाणी पाहिली आणि ती जुन्या वाटांशी, सूक्ष्म अश्मास्त्रांशी (अश्मयुगातल्या बारीक दगडी हत्यारांशी) ताडून पाहिली. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या; त्या पंढरीच्या वारीत स्वतः चालल्या, आणि एकाच वाटेवर चालणाऱ्या दिंड्या जेवताना जातीप्रमाणे वेगळ्या बसतात हे त्यांनी दुःखाने नोंदवले. रा. चिं. ढेरे साहित्याच्या आणि संस्कृतीच्या अभ्यासातून विठ्ठलापर्यंत पोचले. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक हिंदू कायद्याच्या अभ्यासातून आले आणि पुढे धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यामागे महाराष्ट्रभर फिरले. चौघांचे निष्कर्ष तुम्हाला पटतीलच असे नाही. त्यांच्या लेखनात पुरावा कुठून आणला आहे आणि एका शाखेतला पुरावा दुसऱ्या शाखेच्या प्रश्नाला कसा लावला आहे, तेवढे मात्र पेन्सिल हातात घेऊन वाचा.

६. क्षेत्रकार्याची तयारी करा

सोबत लागणारी कागदपत्रे आणि साधने:

– महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचे विषय नमूद केलेले पत्र, तीन प्रतींत. एक प्रत देवस्थानाच्या कार्यालयाला, एक गरज पडल्यास पोलीस ठाण्याला, एक स्वतःजवळ.
– मराठीत लिहिलेले एका पानाचे संमतीपत्र. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्यांची तोंडी संमती ध्वनिमुद्रित करावी.
– पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणि शिसपेन्सिल. जेजुरीत सोमवती अमावस्येला पालखी गडावरून कऱ्हा नदीकडे निघते तेव्हा भंडाऱ्याची इतकी उधळण होते की शाईची अक्षरे हळदीखाली नाहीशी होतात. माझ्या पहिल्या वहीची अकरा पाने तशी गेली.
– ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल, जादा बॅटरी आणि मोबाइल ठेवायला प्लास्टिकची पिशवी.
– देवस्थान नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा. विश्वस्त कोण आणि मालमत्ता कोणती, हे त्यात मिळते.

पहिली भेट गर्दीच्या दिवशी ठेवू नका. आधी एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी जा, गुरव, पुजारी आणि हळद-खोबऱ्याचे दुकानदार यांना भेटा, आणि मग चंपाषष्ठीला किंवा सोमवतीला परत जा. ओळखीचा चेहरा गर्दीत तुम्हाला उभे राहायला जागा देतो.

विधीत सहभागी व्हायचे की नाही, हे निघण्यापूर्वी ठरवा. एका वृद्ध वाघ्यांसमोर (वाघ्या म्हणजे खंडोबाला वाहिलेला भक्त) मी वही उघडून ‘बाबा, किती वर्षांपासून जागरण घालता?’ असे विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. तुणतुण्याची तार कानाशी धरून पिळत राहिले, मग ताटाकडे बोट करून म्हणाले, “आधी तळी उचल, बाळा.” ताटात विड्याची पाने, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा होता, भोवती चार जण बसले होते आणि पाचवा कमी पडत होता. मी वही मिटून बसलो, त्यांच्याबरोबर येळकोट म्हणत ताट तीनदा वर उचलले, आणि त्यानंतर ते दोन तास बोलले. मी तळी उचलल्याचा मला संकोच नाही, पण प्रकल्पात ते लिहिले. तुम्हाला असे करणे पटत नसेल तर न करण्याचाही मान लोक ठेवतात; आदराने आधी सांगावे लागते इतकेच. जे केले ते लपवू मात्र नये.

मुरळ्यांशी बोलताना फार जपा. त्यांच्यापैकी अनेकींनी सोसले आहे, आणि त्यांना कोणी विचारावे अशी त्यांची इच्छा असेलच असे नाही. चारचौघांत वैयक्तिक प्रश्न विचारू नका, परवानगीशिवाय छायाचित्र घेऊ नका, नाव आणि गाव बदलून लिहा. एका मुरळीबाईंनी मला गाणे दिले आणि आयुष्याविषयी काही सांगायचे नाही असे म्हटले. माझ्या वहीत त्यांचे गाणेच आहे, आणि तेवढ्यावर थांबणे माझे काम होते.

७. लिहिताना या चुका टाळा

उत्पत्ती शोधण्याचा मोह फार मोठा असतो. खंडोबा मुळात कोण, हे सिद्ध करण्याच्या नादात आज त्याच्यापुढे उभी असलेली माणसे हरवतात. दुसरी चूक म्हणजे ग्रंथाला खरे आणि लोकरीतीला भ्रष्ट मानणे, किंवा त्याच्या नेमके उलट करणे. दोन्ही पुरावेच आहेत आणि दोन्हींना तेच प्रश्न विचारायचे आहेत. तिसरी चूक ‘हे लोक असे मानतात’ असे सरसकट लिहिण्याची. कोण, कुठे, कोणत्या दिवशी म्हणाले ते लिहा. जेजुरीतच कडेपठारावर, म्हणजे वरच्या डोंगरावरच्या जुन्या देवळात, राबता असलेली कुटुंबे आणि गडावरची कुटुंबे काही गोष्टी वेगळ्या सांगतात.

दोन विभागांचे मार्गदर्शक असतील तर दोघांना एकाच दिवशी एकाच खोलीत भेटा, निदान सत्रातून एकदा. वेगवेगळे भेटलात की प्रत्येक जण आपल्या शाखेचे प्रकरण वाढवायला सांगतो आणि प्रबंध फुगतो. भेटीत ठरलेले त्याच संध्याकाळी ईमेलने दोघांना लिहून पाठवा.

८. घरी सांगण्यासाठी

‘यातून नोकरी काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. या अभ्यासातून गेलेली मंडळी अध्यापनाखेरीज संग्रहालये, पुराभिलेखागारे, पत्रकारिता, भाषांतर आणि सामाजिक संस्थांत काम करतात. काही जण स्पर्धा परीक्षांकडे वळतात. पगाराची खात्री नाही, म्हणून जोडीला एक ठोस कौशल्य ठेवा: मोडीवाचन, ध्वनिमुद्रणाचे संपादन किंवा चांगले इंग्रजी-मराठी भाषांतर.

९. काम झाल्यावर परत जा

प्रकल्प सादर झाल्यावर त्याचा मराठी सारांश दोन-तीन पानांत लिहा आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना नेऊन वाचून दाखवा. यासाठी गुण मिळत नाहीत, पण चुका इथेच सापडतात. मी त्याच वाघ्याबाबांकडे पाने घेऊन गेलो. जागरणाच्या सुरुवातीला गावोगावच्या देवांना ‘जागराला या’ म्हणून बोलावतात, ती यादी मी लिहिली होती. त्यांनी डोळे मिटून ती ऐकली आणि मध्येच हात वर करून थांबवले. पालीच्या खंडोबाचे नाव माझ्याकडून राहिले होते. त्यांनी ते नाव त्याच्या जागी माझ्याकडून पेन्सिलने लिहून घेतले, पुन्हा एकदा सगळे वाचायला लावले, आणि मगच पाने परत दिली.